मोहाचं फूल : चुलीवरचं आणि भट्टीतलं

आज मी फुलांविषयी बोलणार आहे. गजऱ्यातल्या किंवा देवावरच्या नाही, ताटातल्या आणि पेल्यातल्या फुलांविषयी.

फुलं खाणं हे हॉटेलवाल्यांचं नवीन खूळ आहे असं शहरात अनेकांना वाटतं. केकवर गुलाबाच्या पाकळ्या, सरबतात गोकर्णाची निळी फुलं, आणि बिलात चांगले शंभर रुपये जास्त. आपल्या मुळशीतल्या बायकांना मात्र यात काहीच नवल नाही. मिरग लागायच्या सुमारास शेवळं निघतात. आपण त्याला कोंब म्हणतो, पण खरं तर तो फुलोराच. घसा खवखवू नये म्हणून त्यात काकडं, चिंच किंवा आमसूल हवंच. कुड्याची पांढरी फुलं उकडून, घट्ट पिळून कांद्यावर परततात. कडसर लागतात, पण पावसाळ्यात पोटाला बरी म्हणून सासूबाई मुद्दाम वाढतात. भर पावसात भारंगी येते. हादग्याच्या फुलातला मधला दांडा काढून टाकायचा, नाहीतर सगळी भाजी कडू. केळफूल निवडायला बसायचं तर हाताला तेल लावून, आणि चिरलेलं रात्रभर ताकात ठेवून. भोपळ्याच्या वेलावरची नर फुलं तेवढी भज्यांसाठी खुडायची. मादी फुलाला हात लावायचा नाही, कारण तिच्या बुडाशी भोपळा धरलेला असतो. शाळेत परागीभवनाचा धडा येण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांना तो ठाऊक होता. आणि भात तर आपला आंबेमोहोर. तांदळाला नाव देतानाही इथल्या माणसांना आंब्याचा मोहोरच आठवला. २०१६ मध्ये मुळशीच्या या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्हाला माहीत असेलच.

जुन्या ग्रंथांतही फुलांना भाजीचा मान आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकाच्या ग्रंथात भाजीचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यात पानानंतर लगेच फूल येतं. फुलभाज्या म्हणून तिथे हादगा, केळ, शेवगा आणि सावर ही नावं आहेत. चारही झाडं आजही आपल्या तालुक्यात उभी आहेत. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या खाण्यापिण्याची लांबलचक वर्णनं आहेत, आणि पिण्याचं पाणी फुलांनी सुवासिक कसं करायचं तेही आहे. म्हणजे पेल्यातलं फूल काही गोकर्णाच्या सरबताबरोबर आलेलं नाही. पण ग्रंथ लिहिणारा वैद्य, नाहीतर राजा. झाडाखाली वाकून फूल वेचणारी बाई यात कुठे दिसत नाही. पुढे जे घडलं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

वरच्या यादीतून एक फूल मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. मोहाचं. आपल्या बाजूला मोहाची झाडं थोडी. पण ताम्हिणीचा घाट उतरून माणगावकडे गेलं, की जो जिल्हा लागतो तो रायगड, १९८१ पर्यंतचा कुलाबा. आणि त्याच्या उत्तरेला ठाणे, पालघर. तिथल्या ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरांमध्ये मोह हे झाड नसून कोठार होतं. फाल्गुन-चैत्रात, म्हणजे घरातलं धान्य सरत आलेलं असताना, मोह फुलतो. फुलं रात्री आणि पहाटे गळतात. पांढरट पिवळी, गरदार, बोटभर जाड नळीसारखी. बाया आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण ऊन चढलं की फूल मलूल होतं आणि उशीर झाला की गुरं, माकडं, रानातली जनावरं आपला वाटा आधी उचलतात. वेचलेली फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी आणि चिवट होतात. ओल्या फुलाला जो उग्र दर्प येतो, तो वाळवल्यावर आणि भाजल्यावर पुष्कळ कमी होतो. मग ती वर्षभर टिकतात. भाजून, कुटून नाचणीच्या पिठात मिसळायची, उकडून नुसती खायची, चिंचोक्यांबरोबर शिजवायची, तिळाबरोबर कुटून मुलांच्या हातावर ठेवायची. वाळलेल्या फुलाचं अर्ध्याहून जास्त वजन साखरेचं असतं. ज्या घरात गूळ विकत आणायची ऐपत नव्हती, त्या घराचा गूळ झाडावरून पडत होता. फुलं संपली की फळं, आणि फळातल्या बियांचं तेल दिव्याला आणि तव्याला.

त्याच फुलांत पाणी घालून काही दिवस आंबू दिलं आणि भट्टीवर चढवलं, की दारू होते. हेही तितकंच खरं. लग्नात, सणाला, देवाला ती लागायची. घरोघरी काढली जायची.

गेल्या वर्षी एका बचत गट प्रदर्शनात आमच्या शेजारचा गाळा घाटाखालच्या गटाचा होता. त्यांनी मोहाचे लाडू आणले होते. आमच्या गटातल्या एक मावशी लाडू हातात घेऊन पुन्हा ताटात ठेवत्या झाल्या. “ताई, यानं चढत नाही ना गं?” त्यांनी मला हळूच विचारलं. गाळ्यावरची मुलगी ऐकत होती. ती रागावली नाही, हसली. म्हणाली, “मावशी, द्राक्षं खाऊन कधी चढली का?” मावशींनी लाडू खाल्ला आणि दोन विकत घेतले. मला मात्र तो प्रश्न सोडेना. द्राक्षाची दारू होते, उसाची होते, तांदळाची होते, काजूबोंडांची होते. मग एकट्या मोहाचंच नाव घेतलं की बायकांनासुद्धा आधी दारू का आठवते? थोडं वाचल्यावर कळलं, की ही आठवण मुद्दाम घडवलेली आहे, आणि तिला तारीखसुद्धा आहे.

इंग्रजांच्या काळात दारूवरचा कर हे सरकारी तिजोरीचं मोठं उत्पन्न होतं. १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. दारू कुठे काढायची, कुणी विकायची, कर किती, हे सगळं सरकारच्या हातात गेलं. घरची भट्टी बेकायदा ठरली. दारू काढायची ती ठरवलेल्या कारखान्यांत. असे मोठे कारखाने आजच्या रायगडातल्या उरणला होते. मालक बहुतेक पारशी व्यापारी. आणि उरणला दारू कशाची व्हायची? मोहाचीच! फुलं यायची गुजरातेतून, पंचमहालाकडून, व्यापाऱ्यांमार्फत, पोत्यांनी. म्हणजे फूल वाईट नव्हतं, दारूही सरकारला वाईट वाटत नव्हती. अडचण फक्त कर न भरलेल्या दारूची होती.

ठाणे आणि कुलाबा हे जिल्हे उरणच्या भोवतालचे. तिथे गावोगाव मोहाची झाडं. फूल दारात पडतंय म्हटल्यावर दुकानातली करभरली महाग दारू कोण घेणार? गाव-पाड्यांवर फिरून चोरट्या भट्ट्या पकडणं अबकारी खात्याला जमेना. मग त्यांनी भट्टीऐवजी फूलच धरलं. १८९२ मध्ये मुंबई सरकारनं ‘म्होवरा अॅक्ट’ म्हणजे मोहाचा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. मोहाची फुलं गोळा करणं, साठवणं, विकणं या कायद्यानं रोखलं.

आता घाटाची गंमत पाहा. आपला तालुका पुणे जिल्ह्यात, म्हणून हा कायदा ताम्हिणीच्या माथ्यावर थांबला. खाली उतरलं की कुलाबा, तिथे घरात फुलांची टोपली सापडली तर गुन्हा. वरची कातकरीण आणि खालची कातकरीण नात्यानं सख्ख्या बहिणी असतील, पण एकीच्या घरात ते वाळवण आणि दुसरीच्या घरात पुरावा. आणि उरणच्या कारखान्यात तीच फुलं पोत्यांनी उतरत होती.

या कायद्याविषयी लिहिणारे अभ्यासक बहुधा दारूच्या अंगानं लिहितात: अबकारीचं उत्पन्न, ठेकेदार, चोरट्या भट्ट्या. ते महत्त्वाचं आहेच. मला त्यात कणगी शोधावीशी वाटते. आषाढ-श्रावणात, भात अजून खाचरात उभा असताना, आदिवासी घरात काय शिजायचं? कंद, रानभाज्या, आणि चैत्रात वाळवून ठेवलेला मोह. कायद्यानं नेमकं ‘साठवणं’ रोखलं. फूल ताजं खाऊन संपवता येत नाही. ते साठवण्यासाठीच असतं. दारू काढणारा पुरुष रानात, ओढ्याकाठी लपून भट्टी लावू शकत होता. अंगणात सुपावर फुलं वाळत घालणारी बाई कुठे लपणार? म्हणून माझं मत असं, की या कायद्याचा नेम भट्टीवर होता, पण लागला तो चुलीला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, मुंबई इलाख्यात मोठा दुष्काळ पडला आणि १८९९-१९०० मध्ये त्याहून भयंकर, ज्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात. दुष्काळात लोक काय खाऊन जगतात याच्या याद्या सरकारच करत होतं. १८८६ च्या मुंबई गॅझेटियरच्या वनस्पतींवरच्या खंडातही रानातल्या खाण्याजोग्या वनस्पती दिलेल्या आहेत. एका खात्याच्या कागदावर अन्न, दुसऱ्या खात्याच्या कागदावर गुन्हा.

इथे थोडी वाट वाकडी करते. आपल्या डोंगरउतारावर उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी लहडलेली झुडपं दिसतात, ती धायटीची. मुलं त्यातला मध चोखतात. वैद्य लोक आसवं आणि अरिष्टं करतात तेव्हा काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून तो मुरवायला ठेवतात. फुलांमुळे काढा आंबतो आणि त्यात आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो. कुमारीआसव, दशमूलारिष्ट आपण बाळंतिणीला चमच्यानं देतो, तेही फुलानं आंबवलेलंच असतं. मी त्याला नावं ठेवत नाही, माझ्याही घरी बाटली आहे. पण फूल आंबवणं हे एका घरात औषध आणि दुसऱ्या घरात व्यसन म्हणून ओळखलं गेलं, ते फुलामुळे नाही, घरामुळे.

पुन्हा मोहाकडे. १९२२ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून ‘देवी’ निघाली. अंगात येणाऱ्या बाया-पुरुषांच्या तोंडून ती सांगू लागली: दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे राबायला जाऊ नका. ही देवी गावागावांतून डोंगरात चढली, दक्षिण गुजरातेत आणि खानदेशाकडे गेली, आणि हजारो आदिवासींनी दारू सोडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्याच सुमाराला आपल्या मुळशीत सेनापती बापटांबरोबर मावळे धरणाविरुद्ध बसले होते. तो सत्याग्रह १९२१ च्या रामनवमीला सुरू झाला आणि १९२४ पर्यंत चालला. दोन्ही लढे वेगळे, पण माणसं एकाच जातकुळीची: ज्यांच्या जमिनीवर, झाडावर, पाण्यावर दुसऱ्याच कुणाचा हिशेब मांडला गेला, ती. देवीचं सांगणं मला यासाठी आठवतं, की दारूला विरोध हा काही वरून खाली आलेला उपदेश नव्हता. तो पाड्यावरून उठला होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. सरकार बदललं, हेतू बदलला, कराऐवजी नीती आली. पण मोहाच्या फुलावरची नजर तशीच राहिली. परवान्याशिवाय ते बाळगणं, नेणं, विकणं हे बंधनातच. पिढ्यान्‌पिढ्या हे चालल्यावर घाटाखालच्या सुनांना लाडू करायला शिकवणार कोण? सासूनं फुलं वाळवणंच सोडलेलं. झाडं तुटली, काही सरपणाला, काही शेतघरांच्या प्लॉटसाठी.

मैत्रिणींनो, दारूबंदीच्या मी विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. बचत गटाचं काम करणाऱ्या बाईला दारूनं घर कसं बसतं ते पुस्तकातून वाचावं लागत नाही. हप्ता चुकला की निम्म्या वेळा कारण तेच निघतं. आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद होऊ शकतं, आणि महाराष्ट्रात अनेक गावांतल्या बायकांनी ते करून दाखवलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या, त्यातही बायकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली, आणि गडचिरोली म्हणजे तर मोहाचा प्रदेश. तिथे बायकाच पहाटे फुलं वेचतात आणि बायकाच दारूविरुद्ध उभ्या राहिल्या. यात विसंगती आहे असं काहींना वाटतं. मला वाटत नाही. फूल आणि दारू यांतला फरक वेचणारीलाच सगळ्यात चांगला कळतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे मोह, हिरडा, मध यांवर, जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. पेसा कायदा त्याच्याही दहा वर्षं आधीचा, पण तो अनुसूचित क्षेत्रापुरता; पुणे जिल्ह्यात आंबेगाव, जुन्नरचा काही भाग त्यात येतो, मुळशी येत नाही. वनहक्क कायदा मात्र आपल्यालाही लागू आहे. तरी मोहाचं बंधन सैल व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यावरचे निर्बंध उठवले. म्हणजे १८९२ पासून मोजलं तर जवळजवळ एकशे तीस वर्षं. योगायोग असा, की २०१५ पासून असलेली चंद्रपूरची दारूबंदीही त्याच २०२१ मध्ये उठली. आणि पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, काजूबोंडं आणि मोहफुलांपासून मद्य तयार करण्याचं धोरण मंत्रिमंडळानं मंजूर केलं. मध्य प्रदेशानंही मोहाच्या दारूला वारशाचा मान देऊन बाजारात आणलं.

आता या क्रमाकडे नीट बघा. कुलूप उघडल्यावर पहिल्यांदा आत शिरली ती बाटली. लाडू, चटणी, सरबत, नाचणीची मोहभाकरी हे बचत गटांच्या चार गाळ्यांपुरतं. फूल वेचणारीला सुक्या फुलांचे किलोवर पैसे मिळणार, आणि त्याची सुबक बाटली झाल्यावर जो भाव चढेल तो दुसऱ्याच्या घरात जाणार. उरणची गोष्ट हीच होती. मद्याचं धोरण करू नये असं मी म्हणत नाही. पण कारखान्यानं सगळं फूल उचललं, तर श्रावणात मुलाच्या हातावर ठेवायला घरात काय उरेल, हे कुणीतरी आधी मोजायला हवं, आणि ते मोजायला वेचणाऱ्या बायकांना बोलवायला हवं.

खाण्यासाठी फूल वेचायचं तर पद्धतही वेगळी लागते. दारूसाठी मातीत पडलेलं, काड्याकचऱ्यातलं फूल चालून जातं, खाण्यासाठी नाही. झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जमीन साफ करायची जुनी रीत आहे, तिनं कोवळी रोपं जळतात आणि वणवा लागायची भीती. त्याऐवजी झाडाखाली जाळी बांधली तर फूल मातीला लागत नाही. चांगल्या उन्हात, कापडावर पातळ पसरून वाळवायचं, रात्री दव लागू द्यायचं नाही. मधला कडवट पुंकेसर झटकून काढायचा, हादग्यासारखाच. ओलसर फूल डब्यात भरलं तर ते आपोआप आंबायला लागतं, मग लाडू कुणी खाणार नाही आणि मावशींची शंका खरी ठरेल.

या चैत्रात आमचे तीन गट मिळून घाटाखालच्या त्या गटाकडून वाळलेली फुलं विकत घेणार आहेत. नाचणी आपली, तीळ आपले, फूल त्यांचं. अन्नसुरक्षेची नोंदणी आहेच. बैठकीत वाद झाला तो लेबलावर. काहीजणी म्हणत होत्या, ‘रानफुलांचे पौष्टिक लाडू’ असं लिहा, मोह म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं. दोन तास त्यावर गेले, चहा दोनदा झाला. शेवटी ज्या मावशींनी प्रदर्शनात लाडू परत ताटात ठेवला होता, त्याच म्हणाल्या, “नाव लपवलं तर लोक म्हणतील, काहीतरी आहे खरं.” लेबलावर ‘मोहाचे लाडू’ असंच येणार आहे, ठळक अक्षरात, आणि खाली फूल कुठल्या गावच्या बायकांनी वेचलं त्या गावाचं नाव.